यादी करणारी

वळ चार होते, आणि पाचवा मागच्या बाजूला.

पोरीच्या डाव्या दंडावरून साबण फिरवताना तिचा हात तिथेच थबकला. बाहेरच्या अंगाला चार निळसर पट्टे शेजारी शेजारी, आणि आतल्या मऊ भागावर अंगठ्याएवढा एक डाग. कोणीतरी धरलं होतं. नुसतं धरलं नव्हतं, चांगलं आवळलं होतं. ओल्या कातडीवर ते बोटांचे ठसे इतके स्वच्छ उमटले होते की मोजायलाही लागू नयेत.

तिने नळ बंद केला.

"हे कोणी केलं गं, सोन्या?"

पोरगी अडीच वर्षांची. तिचं सगळं लक्ष पाण्यातल्या प्लास्टिकच्या डब्यात. "बाऊ," ती म्हणाली.

"हो, बाऊ. पण कोणी केला? मामाने?"

"मामा," पोरगी म्हणाली आणि डबा उपडा केला.

झालं. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीबरोबर एक विचित्र समाधानही. वाटलंच होतं मला.

हा मामा म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ. पूर्वी बस चालवायचा. अपघातात एक पाय आखूड झाला, नोकरी सुटली, तेव्हापासून बहिणीच्या पाळणाघरात पडेल ते काम करायचा. धिप्पाड, घोगऱ्या आवाजाचा. मुलांना झोपवताना गाणी म्हणायचा ती गाडी गिअरमध्ये अडकल्यासारखी. तिला तो पहिल्या दिवसापासून खटकला होता. पाळणाघरात पुरुष कशाला हवा? न सांगता अर्धा तास आधी जाऊन तिने खिडकीतून किती वेळा पाहिलं होतं. कधी काही दिसलं नाही. काही दिसत नाही, हेही तिने त्याच्याच खाती जमा केलं होतं.

अंघोळ आटोपली. पोरीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहिली. तासाला न्यायच्या टिपणांचा कागद तिने उलटा केला. ती कॉलेजात तासिकेवर तत्त्वज्ञान शिकवायची. पहिल्या वर्षाचा पहिला पेपर, तोंडओळख. विचार कसा करावा हे शिकवणारी बाई घाबरून आरडाओरडा करत नाही. ती यादी करते. तिने केली.

सासूबाई: संधिवाताने बोटं आखडलेली, पाण्याचा पेला दोन हातांनी धरतात. काट. नवरा: आठवडाभर परगावी कामावर, काल आला तेव्हा पोरगी झोपलेली. काट. पाळणाघरातल्या ताई: लहानखुऱ्या, बोटं बारीक, आणि वळ जाड. काट.

उरला एक.

एवढं निर्मळ अनुमान विद्यार्थ्यांच्या वहीत सापडलं असतं तर तिने 'उत्तम' असा शेरा दिला असता. तिने वळांचा फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पाळणाघरातल्या मामाने केलं आहे. आपापल्या मुलांना तपासा.'

नवरा दात घासत बाहेर आला. तो लोखंडी सांगाड्यांचं वेल्डिंग करायचा. हात कोपरापर्यंत ठिणग्यांच्या डागांनी भरलेले. त्याने पोरीची बाही वर केली, पाहिलं, आणि बराच वेळ बाही खाली केलीच नाही.

"मी दुपारी आले की दोघं जाऊ आणि बोलू," ती म्हणाली.

"बोलू," तो म्हणाला.

तो बोलणाऱ्यांतला नव्हता, आणि हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. तरी ती पर्स घेऊन निघाली. जिना उतरताना तिला बरंच वाटत होतं.

*

वर्गात पस्तीस-चाळीस पोरं. दर वर्षी ती पहिल्या तासाला दुधाच्या पेल्याचं उदाहरण द्यायची: पेला खरंच आहे का, तो आहे हे कळतं कसं, वगैरे. आज तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"समजा, रस्त्यात एक माणूस पडलाय. डोकं फुटलंय, कानातून रक्त येतंय. भोवती तुम्ही उभे आहात."

"मॅडम, सकाळी सकाळी मुडदा?" पुढच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला. "अजून चहाही उतरला नाही घशाखाली."

"मुडदा नाही, जिवंत आहे. ऐक. याला मारलं कोणी, हे तुम्हाला माहीत आहे असं तुम्ही म्हणता. माहीत आहे म्हणजे काय? पाहिलंत? ऐकलंत? की वाटलं? हे विचारते ती ज्ञानमीमांसा." खडूने तिने फळ्यावर शब्द लिहिला. "असं असेल तर तसं, हे नसेल तर ते, अशा पायऱ्या चढत तुम्ही एका नावाशी पोचता. पायरी मोडकी आहे का, ते तर्कशास्त्र बघतं. आता, ज्याने मारलं तो कालचाच माणूस आहे का? रागाच्या भरात माणूस दुसरा होतो म्हणतात, तर मग शिक्षा कोणाला द्यायची? माणूस म्हणजे नेमकं काय, असणं म्हणजे काय, हा प्रांत सत्ताशास्त्राचा. आणि तुम्ही आता काय करायला हवं? त्याला उचलायचं, की मारणाऱ्याच्या मागे धावायचं?"

"नीतिशास्त्र," तिघे-चौघे एकदम म्हणाले.

"आणि सौंदर्यशास्त्र कुठं बसतं यात?" चष्मेवाल्याने खोचून विचारलं. "रक्ताचा रंग छान आहे, असं?"

"आपल्याला बघावंसं का वाटतं, तिथं बसतं," ती म्हणाली. "गर्दी उगीच जमत नाही."

पोरं पुढे सरकून बसली. तिला जोर आला. तिने फळ्यावर चार गोल काढले. जखमी माणसाजवळ हे चौघे होते. पहिल्याचा हात मोडलेला, काट. दुसरा पाठमोरा होता, काट. तिसरं लहान मूल, काट. "उरला चौथा. अनुमान बरोबर?"

"बरोबर," वर्ग म्हणाला.

शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. मुलगी बारीक, केस तेल लावून घट्ट बांधलेले; आवाज इतका लहान की पुन्हा विचारावं लागलं.

"मॅडम, ही यादी कोणी केली?"

"म्हणजे?"

"चौघांची नावं आहेत. पण यादी करणारी पण तिथंच होती ना? तिने स्वतःला धरलंच नाही."

वर्ग हसला. "मॅडम, तुम्हीच मारलं त्याला!" चष्मेवाला ओरडला. तीही हसली. छान, अगदी हाच मुद्दा, असं म्हणायला तिने खडू उचलला, आणि खडूवर वळलेली स्वतःची बोटं तिला दिसली. एका बाजूला चार. दुसऱ्या बाजूला अंगठा.

परवा दुपारी गॅलरीत पोरगी उपड्या बादलीवर चढली होती. कठड्यावरून अर्धी बाहेर. तिसरा मजला. तिने धावत जाऊन दंडाला हिसका मारून तिला आत ओढलं. हे तिला पक्कं आठवत होतं. बहिणीला फोनवर सांगितलं होतं, सासूबाईंना दोनदा सांगितलं होतं, अंगावर काटा आणत. पण गोष्ट ओढण्यापाशी संपत होती. त्यापुढचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि न सांगता सांगता ते तिच्याही हातून निसटलं होतं. गॅलरीचं दार लावून, आत, काही धोका उरलेला नसताना, तिने तोच दंड धरून ठेवला होता आणि पोरीला गदागदा हलवलं होतं. 'मरायचंय तुला? मरायचंय?' पोरीच्या रडण्यातून आवाज जाऊन नुसता श्वास उरेपर्यंत.

मेजावरचा फोन थरथरत होता. तो मघापासूनच थरथरत होता. ग्रुपवर त्रेसष्ट निरोप. जिम चालवणाऱ्या एका पालकाचा: 'आज त्याचा दुसरा पाय.' औषधाच्या दुकानवाल्याचा: 'मी पण येतो.' आणि नवऱ्याचा, तिच्या एकटीला: 'पोरीला घेऊन निघालोय. ती दाखवेल कोण ते.'

तो निरोप पाठवून बावीस मिनिटं झाली होती.

*

पाळणाघर कॉलेजापासून चार गल्ल्या. पहिल्या गल्लीत तिची चप्पल तुटली, दुसऱ्या गल्लीत तिने दोन्ही फेकून दिल्या. नवरा फोन उचलत नव्हता. ग्रुपवर 'थांबा, चूक झाली' असं लिहायला ती क्षणभर थांबली, बोटं धड चालेनात, काहीतरी भलतंच उमटलं, ती पुन्हा पळत सुटली.

आवाज रस्त्यापर्यंत येत होता. माणसाच्या ओरडण्याचा नव्हे. कणीक तिंबताना येतो तसला, ओला, एकसारखा.

दार सताड उघडं. आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून ताई उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला टेकवून. पलीकडून सात-आठ पोरांचं रडणं. ताईंच्या कपाळावरून रक्ताची धार उतरून भुवईत साठली होती, पण त्या दार सोडत नव्हत्या. "मुलं आहेत हो आत," त्या म्हणत होत्या. ओरडतही नव्हत्या, नुसतं तेच तेच म्हणत होत्या. "मुलं आहेत हो."

मामा फरशीवर, दोन छोट्या खाटांच्या मध्ये अडकलेला. जिमवाल्याने त्याचे हात मागे पिळून धरले होते. औषधवाला, जो एरवी गिऱ्हाइकाला गोळी कधी घ्यायची ते तीन-तीनदा समजावून सांगायचा, तो त्याच्या आखूड पायावर टाच देऊन उभा होता आणि टाच फिरवत होता. आणि नवऱ्याच्या हातात पाळण्याची लोखंडी दांडी. मामाचा एक डोळा दिसत नव्हता. त्याच्या जागी फुगलेलं जांभळं मांस. ओठ फाटून दात उघडे पडले होते. त्यातून तो काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता, आणि प्रत्येक शब्दाच्या आधी दांडी खाली येत होती.

पोरगी कोपऱ्यात, एका खुर्चीवर. बापाने बसवली होती. पायात बूट.

"थांब!" ती किंचाळली. "त्याने नाही केलं! मी केलं!"

दांडी बरगड्यांवर बसली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, कोरडा.

"अरे, मी धरलं होतं तिला! मी! परवा, गॅलरीत!"

"वहिनी, तुम्ही बाहेर व्हा," जिमवाला धापा टाकत म्हणाला. "रक्त बघून बायकांचं असंच होतं. दया येते."

"तुझी दया गेली खड्ड्यात," नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला. "पोरीने बोट दाखवलं याच्याकडे. विचारलं मी, मामाने केलं का? हो म्हणाली."

"ते मीच शिकवलं तिला! मीसुद्धा तसंच विचारलं होतं! गाढवाने केलं का विचार, तरी हो म्हणेल!"

ती त्याच्या हाताला लोंबकळली. त्याने कोपर मागे झटकलं, ते तिच्या तोंडावर बसलं. गरम, खारट चव. एक दात जिभेखाली आला. ती भिंतीवर आदळली, घसरली, पुन्हा उठली. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही. त्यांना ते नको होतं. आता थांबायचं तर आतापर्यंत जे केलं त्याचं काय करायचं?

दांडी पुन्हा वर गेली. या खेपेला डोक्याच्या नेमाने. मामाने ते पाहिलं आणि उरलेला डोळा मिटून घेतला.

तेव्हा ती नवऱ्याकडे गेली नाही. खुर्चीकडे गेली. पोरीची बाही खांद्यापर्यंत सारली, आपला उजवा हात उघडला, आणि एकेक बोट एकेका वळावर ठेवलं. चार वळांवर चार. मागच्या डागावर अंगठा. बोट न् बोट बसलं. दाब तिने दिलाच नाही, नुसता हात टेकवला.

पोरगी अशी किंचाळली की आतल्या खोलीतली मुलंसुद्धा गप्प झाली.

"आई नको! आई नको! नाई चढणार! आई नको!"

तिने सारं अंग खुर्चीच्या पाठीत घुसवलं. बूट हवेत झाडले. दुसऱ्या हाताने ती आईची बोटं एकेक करून सोडवू पाहत होती. आई हात काढत नव्हती. सगळ्यांनी बघेपर्यंत तिने तो तिथेच ठेवला, आणि ते काही क्षण तिला पोरीला दुसऱ्यांदा मारल्याइतकेच जड गेले.

दांडी खाली आली. पण हळू, नवऱ्याच्या पायाशी.

औषधवाल्याने टाच उचलली आणि आपल्याच बुटाकडे पाहिलं. मग वाकून पाळण्यात ओकला. जिमवाल्याने मामाचे हात सोडले. तो उठला, सरळ तिच्यापाशी आला आणि त्याने तिच्या कानाखाली अशी काढली की तिला काही वेळ एका बाजूचं ऐकूच आलं नाही.

"नालायक बाई," तो म्हणाला. तो रडत होता. "मला खुनी केलंस तू. माझाही पोरगा आहे आत."

"फोन करा," ताई म्हणाल्या. दाराला लावलेली पाठ त्यांनी अजून सोडली नव्हती. "कोणीतरी गाडी बोलवा. मला इथून हलता येत नाही."

*

इस्पितळाचा बोळ लांबलचक, भिंतींना हिरवट रंग. एका बाकावर नवरा, त्याच्या शेजारी एक पोलीस. जिमवाला आणि औषधवाला ठाण्यावर. समोरच्या बाकावर ताई, कपाळाला पट्टी. मामा आत. डॉक्टर येऊन सांगून गेले: तीन बरगड्या, जबडा, एक मूत्रपिंड फाटलेलं. जीव वाचेल असं वाटतंय. डोळ्याचं बघू.

ती पोरीला कडेवर घेऊन ताईंसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई..."

"माफी मागू नका," ताई म्हणाल्या. वर बघितलं नाही. "तुम्ही माफी मागितलीत तर मला काहीतरी म्हणावं लागेल. माझ्याकडे म्हणायला काही नाही." मग, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल, "तुमची पोरगी तिसऱ्या दिवसापासूनच त्याच्या खांद्यावर झोपायची. दुसऱ्या कुणाकडे जायचीच नाही. म्हणायचा, हिच्या आईला माझी भीती वाटते, तिला सांगू नकोस, ती हिला आणायची बंद करेल."

तोंडात फाटलेल्या हिरडीवर तिची जीभ फिरत राहिली.

नवऱ्याने तिला खुणेने बोलावलं. त्याच्या बोटांची पेरं सुजून एकमेकांत मिसळली होती. तो हलक्या आवाजात बोलला, बऱ्याच दिवसांनी इतक्या हलक्या आवाजात.

"ऐक. खोटं बोल म्हणत नाही मी. एवढंच सांग की तुला खात्री होती. पोरीने नाव घेतलं. ते घेतलंच ना तिने? दोघांसमोर घेतलं. तुझा हात बसला म्हणजे त्याचा बसला नसता असं थोडंच आहे? गॅलरीचं काढूच नकोस. चूक झाली, भडका उडाला, एवढ्यावर राहील. मी चार-सहा महिन्यांत बाहेर येईन. आणि तू गॅलरीचं बोललीस, तर ते पोरीचंही प्रकरण लिहितील. घरी येतील, तपासतील. नेतील तिला. कळतंय का?"

कळत होतं. त्याच्या बोलण्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि ही वाक्यं या क्रमाने मांडली की मामा पुन्हा दोषी होत होता.

"तुला तुरुंगात जायचं नाही, मला माहितेय," ती म्हणाली. "सकाळी मी तुला थांबवू शकले असते. जिन्यात असताना मला बरं वाटत होतं, तू जाणार म्हणून."

"मग?"

"मग तेही सांगते."

जबाब घेणारी पोलीस बाई तिच्याहून थोडी मोठी. खुर्ची पुढे सरकवून तिने कागदाखाली पुठ्ठा घेतला.

"फोटो तुम्ही टाकला?"

"हो."

"त्याच्याखाली नाव तुम्ही लिहिलं?"

"हो. त्याने केलं हे मी पाहिलं नव्हतं. मुलीला मीच नाव सुचवलं. वळ माझ्या हाताचे आहेत. परवा दुपारी, गॅलरीचं दार लावल्यावर. ती कठड्यापासून लांब होती तेव्हा. वाचवताना नाही, नंतर."

पोलीस बाईचं पेन थांबलं. "'नंतर' लिहू? विचार करून सांगा. 'वाचवताना' लिहिलं तर गोष्ट वेगळी. 'नंतर' लिहिलं तर मला बालकल्याण समितीला कळवावं लागेल. ते ठरवतील मुलगी कुठे राहील ते. आज संध्याकाळपासूनच."

बाकावर नवरा उठून उभा राहिला. शेजारच्या पोलिसाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"नंतर," ती म्हणाली. "लिहा."

पेन चाललं. कागद तिच्यापुढे आला. सही करायची तर दोन्ही हात मोकळे हवेत; पोलीस बाईने पुठ्ठा गुडघ्यावर टेकवला आणि पोरीला घ्यायला हात पुढे केले. "या, बाळ, माझ्याकडे या."

पोरीला उचलून पुढे द्यायचं होतं. कुठे धरावं, ते तिला कळेना. काखेत धरावं तर अंगठा दंडाला लागणार. कमरेला धरावं तर ती दचकणार. ती तशीच उभी राहिली, कडेवरचा हात सैल करत, आणखी सैल करत, पोरगी आपल्या आपण त्या परक्या हातांकडे झुकेपर्यंत.